रावसाहेबाचा आवाज, माहा हात

स्वराज्याच्या टायमाची गोष्ट सांगतो म्हटलं का तुमी सावरून बसता. मले ठाऊक हाय तुमच्या मनात काय येऊन राहिलं ते. आता याच्या पाठीवर लाठी बसन, मंग हा झेंडा घेऊन पळन, मंग जेल, जेलातली कच्ची भाकर, आन् शेवटी तुमच्या डोळ्यात पाणी. तर पयलेच सांगून ठेवतो, यातलं काहीच माह्या हातून झालं नाही. झेंडा मी एकदाच धरला, तोही दुसऱ्याचा, त्याले झाडामागं जायचं होतं म्हणून. लाठीचं तर सोडाच, शिपायानं मले कधी ‘सरक बाजूले’ असंही म्हटलं नाही. स्वराज्यासाठी मी एकच काम केलं. एक दिवस दुपारी, अर्धा घंटा, मी दुसऱ्याच्या आवाजात बोललो. त्याबद्दल मले कोणी हार घातला नाही. उलट बापाचं बोलणं बसलं. ते मी शेवटी ठेवलं हाय, कारण ते पयलेच सांगतलं तर बाकीचं तुमी वाचानच नाही.

आमची वाडी वलगावजवळ. चार ओळी संत्र्याच्या, बाकी सगळा भाजीपाला. वांगे, पालक, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या लोकाईसाठी सांगून ठेवतो, नाहीतर त्याईले वाटन आमी वावरात शिंगंवाले जनावरं पेरतो. तसलं सांबर पाह्याचं असन तर वर सेमाडोहाच्या जंगलात जावं.

घरात आमी चारच. बाबा, माय, दादा आन् मी. दादा माह्याहून दहा वर्सानं मोठा. बाबाच्या दोन्ही डोळ्याईत मोतीबिंदू होता. उजेड कळे, सावली कळे, समोर माणूस उभा हाय का बैल एवढं कळे, पण कोणता माणूस आन् कोणता बैल हे आवाजावरून. तरी बुढ्याचं काही अडत नसे. मेथीच्या जुड्या बाबा बिनडोळ्यानं बांधे आन् शंभर बांधल्या तरी शंभरही एका मापाच्या. सगळं काम बोटाईनं.

आन् बोटाईचं खरं काम अमरावतीच्या भाजीबाजारात. तिथं माल विकायचा तर भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. बाबा खांद्यावरचा दुपट्टा काढे, आपल्या आन् अडत्याच्या हातावर टाके, आन् खाली बोटानं बोट दाबून दोघं काय ते ठरवत. भवताली वीस माणसं उभे, पण कोणाले काही कळत नसे. शेवटी दोघाईची मिळून मूठ बंद झाली का सौदा पक्का. पक्का सौदा मोडायचा असन तर तोही तोंडानं मोडत नाही. पुन्हा दुपट्टा टाकायचा, पुन्हा हात घालायचा, आन् दोघाईनं मिळून मूठ उघडायची. बाबाले ही रीत एवढी भिनली होती का बाजाराच्या भाईरही ज्या गोष्टीले वजन असन तिथं तो दुपट्टाच काढे. माह्या मायची सोयरीक पक्की झाली तवाही काढला होता म्हणे. माय अजून म्हणते, माहा सौदा दुपट्ट्याखाली झाला, काय ठरलं ते मले अजून कोणी सांगतलं नाई.

आता माहं सांगतो. मी अकोल्याले मामाकडे राहून शिकलो. त्याच टायमाले दादा सहा महिने अकोल्याच्या जेलात होता, स्वराज्याच्या पायी. म्हणजे आमी दोघंही भाऊ अकोल्यात आतच होतो. त्याले सहा महिने, मले सात वर्सं. शाळेत मी दोन गोष्टी शिकलो, एक म्हणजे मॅट्रिकपुरतं इंग्रजी, आन् दुसरं म्हणजे दुसऱ्याचा आवाज काढणं. एकदा मी दाराआडून हेडमास्तरच्या आवाजात ‘आज सुट्टी’ असं म्हटलं आन् अर्धा वर्ग घरी गेला. हेडमास्तरनं मले छड्या मारल्या, मंग दार लावून हळूच म्हणे, आता ड्रिलमास्तरचा काढून दाखव.

मॅट्रिक होऊन मी वाडीत आलो तवा मतदानाची गडबड सुरू होती. इंग्रज जाते का राहते याच्यावरच जो तो बोलून राहिला होता. पण मत कोणाले? ज्याच्या नावावर वावर, जो सरकारात सारा भरते, त्याले. आमच्या घरी वावर बाबाच्या नावावर. म्हणजे जेलात जाऊन आलेल्या दादाले मत नाही. मायले नाही. मी तर एकोणीस वर्साचा, मले इचारते कोण. घरात ज्याईले दिसे ते डोळे सहा, आन् मत ज्याले दिसत नव्हतं त्याले. आता ऐकून राहिलो का पुढच्या खेपेले एकवीस वर्सावरच्या सगळ्याईलेच मत भेटणार हाय, मायलेसुद्धा. माय म्हणते, मंग मले इचारल्याबिगर कोणी दुपट्टा काढाचा नाई.

उभे दोघं होते. एक स्वराज्यवाल्याईचा, त्याची पेटी पिवळी. दुसरे आमच्या गावाकडचे रावसाहेब, त्याईची पेटी लाल. ज्याले वाचता येत नाही त्यानंही रंग पाहून आपला कागद टाकावा, अशी सोय होती. मतदानाच्या आठ दिवस आधी रावसाहेब सोता वाडीत आले. रावसाहेब म्हणजे उंच माणूस, हातात काठी, कानात हिन्याच्या अत्तराचा फाया. खोकला दोन हप्त्यात. पयले एक बारीक, मंग जरा थांबून एक मोठा. आन् दर वाक्याच्या शेवटी ‘समजलं की नाही’.

“माळीबुवा,” रावसाहेब बाजेवर बसत म्हणे, “माही पेटी लाल. समजलं की नाही.”

“तुमी काहून तकलीफ घेतली रावसाहेब? निरोप धाडला असता.”

“मत मांगायले माणसानं सोता यावं. गड्याच्या हातून मत मांगत नसतात.”

बाबानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. दोघाईचे हात खाली गेले. मी पालकाच्या वाफ्यात उभा राहून पाहत होतो. मूठ बंद झाली.

बाबाची चूक नव्हती. मी जन्मायच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसला होता. संत्र्याची झाडं नवीनच लावली होती आन् माय दोन जिवाची होती. तवा रावसाहेबानं न मांगता आपल्या विहिरीच्या मोटेचा पाट आमच्या धुऱ्याकडं, म्हणजे बांधाकडं, वळवून देला. दोन महिने पाणी देलं. झाडं जगली. बाबाले ते पाणी अजून आठवे. संत्र्याचा बहार उतरला का पयली टोपली रावसाहेबाकडं जाये, दरसाल.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना दादा बाबाले म्हणे, “तुमी लाल पेटीचा शब्द देला?”

“देला.”

“बाबा, लाल पेटीत मत टाकनं म्हंजे इंग्रजाले आनखी बस म्हननं.”

“रावसाहेब काई इंग्रज नाई. वलगावचा हाय.”

“त्याची रावसाहेबकी कोनं देली?”

“ते मले नाई मालूम. त्याची विहीर त्याच्या बापानं खोदली, येवढं मालूम हाय.”

“मले इचारलं का शब्द द्याच्या आधी?”

“वावर माह्या नावावर हाय,” बाबा म्हणे.

दादानं ताट सरकवलं. “मंग वावरात तुमीच राहा. मत लाल पेटीत पडलं का त्याच दिवशी मी अकोल्याले जातो. पुन्हा या वाडीत पाय नाई ठेवत.”

माय म्हणे, “पयले जेवा दोघंही. इंग्रजही जेवल्याबिगर जात नाई.”

मले हसू आलं, पण दोघंही हसले नाहीत. दादा उठला, त्यानं दोन धोतरं, एक सदरा आन् टकळी गाठोड्यात बांधली आन् ते गाठोडं सपरीत, म्हणजे ओसरीत, खुंटीवर लटकवलं. बाबाले ते दिसत नव्हतं, पण जाता येता त्याच्या डोक्याले लागे. पयल्या दिवशी लागलं तवा बाबानं हात लावून चाचपलं, काय हाय ते समजून घेतलं, आन् त्यानंतर तिथून वाकून जाऊ लागला.

मंग आठ दिवस दोघं बोलले नाहीत. जे काही बोलायचं ते माह्या मार्फत. बाबा म्हणे, त्याले सांग बैलाईले ढेप टाक. मी दादाजवळ जाऊन बाबाच्याच आवाजात म्हणो, “त्याले सांग बैलाईले ढेप टाक.” दादा तोंड फिरवून घे, पण त्याचे खांदे हलताना मले दिसत. मंग दादाचा निरोप दादाच्या आवाजात बाबाजवळ. बाबा म्हणे, “अबे, तू हायस का तो हाय?” मी म्हणो, “दोघंही हावो.” असं चाले. पण एका सकाळी माय चुलीजवळ बसून उगाच भाकर थापत होती, थापलेलीच पुन्हा थापत होती. मले म्हणे, “तुहा दादा गेला त बुढा दोन महिन्यात बसून जाईन. हातानं जुड्या बांधन, पन कोनासाठी बांधन?” तवा मले वाटलं, दोन आवाज माह्या तोंडात हायेतच, तिसरा घातला तर भांडणच मिटन. शब्द बाबानं रावसाहेबाले देला होता. रावसाहेबानंच तो वापस केला तर बाबा मोकळा. एवढं सोपं. मॅट्रिक झालेल्या पोट्ट्याले सगळंच सोपं वाटे.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी दादा बैलाची बंडी घेऊन अमरावतीले गेला होता. बाबा विहिरीजवळच्या मांडवाखाली जुड्या बांधून राहिला होता. मी तयारी चोख केली. मायच्या पेटीतल्या अत्तराच्या शिशीत तळाले काही राहिलं होतं, ते कानाले लावलं. दादाचे पडून असलेले जुने जोडे घातले, कारण माह्या पायाचा आवाज बाबा झोपेतही ओळखे. तुरीचं जाड खुंट काठी म्हणून घेतलं. पऱ्हाट्याईच्या कुडामागं उभं राहून पयले बारीक खोकललो, जरा थांबलो, मंग मोठा खोकललो.

“कोन, रावसाहेब?” बाबा उठून उभा राहिला.

“बसा माळीबुवा, बसा. वाटेनं जाऊन राहिलो होतो, म्हटलं दोन शब्द बोलून जावं. समजलं की नाही.”

“मोटार नाई आनली?”

मोटारीचा मी इचारच केला नव्हता. “धुऱ्यापलीकडं उभी केली. तुमच्या सांबारावरून कायले न्यावी?” म्हटलं.

बाबाले ते पटलं. मायले हाक मारून म्हणे, “वो, रावसाहेब आले, चहा ठेव.” माय घरातून भाईर आली. तिनं मले पाहिलं. डोक्यापासून दादाच्या जोड्यापर्यंत पाहिलं. मी हात जोडून इशारा केला. तिनं पदर तोंडाले लावला, जराशी थांबली, मंग म्हणे, “या रावसाहेब. लय दिवसानं गरिबाकडं आले.” आन् चहा ठेवायले गेली. साखर तवा कंट्रोलवर भेटे, घरी मोजून वाटीभर. माय ती पाहुण्याशिवाय काढत नसे. तिनं ती खरोखर काढली. कपबशीतला चहा माह्या हातात देताना हळूच म्हणे, “घ्या, मरा.”

मी बाजेवर ऐटीत बसलो. बाजेवर मेथी ठेवली होती हे मले बसल्यावर कळलं, पण रावसाहेब काही उठून मेथी सरकवत नसतात, म्हणून तसाच बसलो. चहा पेलो. मंग मुद्द्यावर आलो.

“माळीबुवा, मी इचार केला. तुमच्या घरी तरणे पोट्टे हायेत. त्याईच्या मनात वेगळं हाय. बापलेकात तेढ पडावी असं माह्या मनात बिलकुल नाही. तुमचा शब्द मी वापस करतो. ज्या पेटीत वाटन त्या पेटीत टाका. समजलं की नाही.”

खरं सांगतो, तो आवाज मी पुन्हा कधी तसा काढू शकलो नाही. खोकला, थांबणं, ‘बिलकुल’मधला तो लांबवलेला ‘ल’, सगळं बरोब्बर. कुडापलीकडं माय उभी होती, तिनंही मान हलवली.

बाबानं अर्धी बांधलेली जुडी बाजूले ठेवली. मंग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आन् माह्याकडं हात केला.

“मंग मूठ सोडू, रावसाहेब. हात आना.”

मी माह्या हाताकडं पाहिलं. आवाज केला, खोकला केला, अत्तर लावलं, जोडे बदलले. हात राहिला. ज्या बुढ्याचा सगळा जन्म दुपट्ट्याखाली बोटं ओळखण्यात गेला, त्याच्याजवळ मी कोरा हात घेऊन आलो होतो. पण मांगं कसा सरकू? हात देला.

दुपट्ट्याखाली बाबाची बोटं माह्या बोटावरून चालत गेली. घाई नाही काही नाही. अंगठा, पयलं बोट, मधलं. मधल्या बोटाच्या पेरावर माह्या लहानपणी विळा लागला होता, तिथं उंच वण हाय. त्या टायमाले हळद दाबून चिंधी बाबानंच बांधली होती. तिथं त्याची बोटं थांबली. मले वाटलं आता बसते एक कानाखाली. पण बाबानं माहा हात दाबून धरला, जरा जास्तच टाइम धरला, मंग हळूच मूठ उघडली.

“सुटलो,” बाबा म्हणे. “या रावसाहेब. संभाळून जा, धुऱ्यावर गड्डा हाय.”

मी काठी आपटत गेलो. धुऱ्यावर जाऊन नाचलो. म्हटलं, जमलं, बुढ्याले कळलंच नाही. मंग घरात आलो तवा माय म्हणे, “त्याचं तोंड पाह्यलं का तू?”

“काहून? सुटलो म्हने न.”

“पाह्याचं होतं,” ती म्हणे, आन् कप धुवायले गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा धुतलेलं पागोटं घालून तयार. रावसाहेबाची मोटार आली होती मतदाराईले न्यायले, बाबानं ती परत धाडली. दादाले माह्या मार्फत निरोप: बंडी जुंप. दादानं जुंपली, पण निघताना खुंटीवरचं गाठोडं काढून त्यानं बंडीत ठेवलं. मले म्हणे, “तिकडून सरळ टेसनावर जाईन.” बाबानं ऐकलं. पागोटं सारखं केलं. मले म्हणे, “तूही चाल.”

वलगावच्या शाळेत मतदान होतं. शाळेभवती दोर बांधला होता. दोराच्या आत सगळे पागोटेवाले, आन् दोराच्या भाईर सगळ्या टोप्या. आतल्याईले मत होतं आन् ते खाली मान घालून उभे होते. भाईरच्याईले मत नव्हतं आन् ते घोषणा देऊन राहिले होते. कोणाचा बाप आत, त्याचा पोरगा भाईर, असं घरोघरचं. एक पोट्टा दोरावरून ओरडून म्हणे, “बुवा, पिवळी, पिवळी.” त्याचा बाप आतून म्हणे, “घरी ये, दाखवतो तुले पिवळी.”

बाबानं मले धरून इचारलं, “रावसाहेब कुठी हाय?” रावसाहेब कडुलिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते, भवताली पाचपन्नास माणसं. “तिकडं ने,” बाबा म्हणे. मी मुद्दाम फेरा घालून नेलं. दादाही बंडी सोडून मांगं येऊन उभा राहिला.

बाबा खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. सगळ्याईले ऐकू येईन असं म्हणे, “रावसाहेब, काल दुपारी एक मानूस तुमचा आवाज घेऊन माह्या वाडीत आला. तुमचा शब्द वापस केला म्हने. आवाज तुमचा होता. हात माह्या घरचा होता. तवा तो सौदा काई खरा नाई. म्हून मी आज सोता आलो. खरा हात मांगायले.”

मले तवा जमीन फाटली असती तर बरं वाटलं असतं. रावसाहेबानं पयले बाबाकडं पाहिलं, मंग माह्याकडं. अत्तराचा वास माह्या कानाले अजून होता.

“हा का?” रावसाहेब म्हणे. “काढ बरं माहा आवाज.”

“जाऊ द्या न रावसाहेब,” मी म्हटलं.

“काढ म्हटलं न. इतक्या माणसाईत माह्याच आवाजाची चोरी, आन् मलेच ऐकू नाही का?”

मी बारीक खोकललो. थांबलो. मोठा खोकललो. “माळीबुवा, तुमचा शब्द मी वापस करतो. समजलं की नाही.”

लिंबाखाली कोणी हालेना. कारण हसावं तर रावसाहेब समोर. मंग रावसाहेबच म्हणे, “मी इतका खोकलतो?” त्याईच्या दिवाणजीनं मान खाली घातली. तवा रावसाहेब हसले, आन् मंग सगळे.

बाबा हसला नाही. म्हणे, “रावसाहेब, त्या उन्हाळ्यात तुमी माह्या वावराले पानी देलं. ते मी मरेस्तोर सांगीन. टोपली दरसाल येईन. पन हे मत माह्या वावराचं नाई, हे या पोराईच्या वावराचं हाय. मी त आज हावो, उद्या नाई. त्याईच्या वावराचा शब्द मी त्याईले न इचारता तुमाले देला. ते माहं चुकलं.”

रावसाहेब उठून उभे राहिले. बाबानं दुपट्टा टाकला. त्याखाली काय झालं ते मी सांगू शकत नाही, त्यासाठीच तर दुपट्टा असते. पण बराच टाइम लागला. मंग रावसाहेब म्हणे, “मोकळे केले माळीबुवा.” आन् माह्याकडं वळून, “तुह्या बापाजवळ मत होतं म्हणून मी मोटार घेऊन आलो होतो. आज पाहिलं, त्याच्याजवळ आणखीही काही हाय.” या माणसाचे मी उपकार मानतो. त्याच्या पाण्यावर मी जन्मलो, आन् त्यानं माह्या तोंडचा आपला आवाज ऐकून घेतला. निवडणुकीत तो पडला, तरी पुढच्या बहाराची टोपली घेऊन मीच गेलो होतो. म्हणे, काढ. मी काढला. म्हणे, खोकला सुधारला.

बाबा दोराच्या आत गेला. मतदान घेणारा साहेब म्हणे, दिसत नाही तर संगं माणूस देतो. बाबा म्हणे, “मानूस नोको. कोनती पेटी कोन्या हाताले, येवढं सांगा.” साहेबानं सांगतलं, डाव्या हाताले लाल, उजव्या हाताले पिवळी. बाबा एकटा पडद्यामागं गेला आन् भाईर आला.

दादा आठ दिवसानं पयल्यांदा त्याच्याशी सरळ बोलला. म्हणे, “बाबा, पाय वर उचला, बंडीचं चाक हाय.” कोणत्या पेटीत टाकलं हे त्यानं इचारलं नाही. अजूनही कोणी इचारलं नाही. बाबा सांगणारही नाही, पडदा म्हणजे मोठा दुपट्टाच. बंडी दादानं वाडीकडं वळवली. टेसन दुसरीकडं राहिलं. वाटेत त्यानं एका हातानं गाठोडं सोडलं, त्यातलं धोतर काढलं, आन् बाबाच्या पाठीमागं टेकू म्हणून घडी करून ठेवलं. मंग मले म्हणे, “काबे, आपल्या नावानं दुसराच बोलते म्हून त मी जेलात गेलो होतो. आन् तू घरीच तसं करून राह्यला?” बाबा तोंड फिरवून बसला होता, पण त्याचे खांदे हलून राहिले होते.

मी पुष्कळदा इचार करतो, बाबानं त्या दुपारीच माहा हात धरून ठेवला असता तर? मायसमोर माही फजिती झाली असती, आन् संपलं असतं. पण त्यानं मले ‘संभाळून जा’ म्हटलं, गड्डाही सांगतला, आन् चुकी आपल्या डोक्यावर घेऊन पन्नास माणसाईत उभा राहिला. तवा मले ते कळलं नाही. मले वाटलं, सुटलो.

घरी आल्यावर बाबा मांडवाखाली बसला. हाक मारली.

“इकडं ये. बस. हात दे.”

मी हात देला. दुपट्टा नव्हता. उघडाच.

“आवाज चांगला काढतं तू,” बाबा म्हणे. “रावसाहेबाचा त असा काढला का मी फसलो असतो. मले त्याचा राग नाई. मले राग कायचा आला, सांगू? आठ दिवस तुमी दोघं माह्या ताटाले ताट लावून बसले. एकानं गाठोडं बांधलं. एकानं सोंग केलं. मांगतलं कोनं? ‘बाबा, हे मत आमाले द्या’, असं एकाच्या तरी तोंडातून निंगालं? रावसाहेब परका मानूस, तो सोता आला मांगायले. तू त माह्या घरचा. तुले बापाजवळ याले रावसाहेबाचं तोंड घालून या लागते? काल दुपट्ट्याखाली तुहा तो विळ्याचा वण माह्या बोटाले लागला. रावसाहेबाच्या बोटाले असा वण नाई. येवढं पायजे होतं त मांगाचं होतं, बहिताडा.”

घरातून माय म्हणे, “आन् साखरेचं इचारा त्याले. कंट्रोलची होती.”

“साखरेचं तुही माय पाहीन,” बाबा म्हणे. “पन काल रावसाहेब होऊन तू मेथीवर बसला. पंधरा जुड्या मोडल्या. त्या बांध आता. आन् एका मापाच्या पायजे, सोताच्या हातानं.”